शेरा लिहिणाऱ्याची नोकरी

"मामू, कार्ड जमा करायला सांगितलंय."

मार्च संपता संपता भाच्याचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, एटीएम कार्डाबद्दल बोलतोय. मग कळलं की गळ्यातलं ओळखपत्र. पाच वर्षं ते कार्ड गळ्यात अडकवून तो सांगोला तालुका पालथा घालत होता. सकाळी डब्यात चपाती-भाजी बांधून निघायचा. एका बाजूला महूद, दुसऱ्या बाजूला जवळा-घेरडी, तिसऱ्या बाजूला कोळा-जुनोनी. कुणी कर्जासाठी अर्ज केला की त्या माणसाच्या घरी जायचं, घर खरंच आहे का बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं, दुकान असेल तर दुकानात डोकवायचं, फोटो काढायचा आणि मोबाईलवर एक शेरा लिहायचा. गावात त्याला 'बँकेचा माणूस' म्हणत. पण तो बँकेचा नव्हता. बँक सरकारी, तिचं काम एका एजन्सीकडं, त्या एजन्सीनं जिल्ह्याचं काम आणखी एकाकडं दिलेलं आणि त्याच्याकडं हा. बँकेचं नवं टेंडर निघालं, काम दुसऱ्या एजन्सीला गेलं आणि जुन्या एजन्सीचं कार्ड परत गेलं. नोकरी गेली असंही म्हणता येत नाही. कागदावर ती नोकरी कधी नव्हतीच.

हे मी घरचं रडगाणं म्हणून सांगत नाही. बेकारी आमच्या मोहल्ल्याला नवी नाही, माणदेशालाही नाही. मला प्रश्न पडला तो वेगळा. दुसऱ्याची लायकी, पत्ता, चालचलणूक, खरेपणा तपासणं हे ज्याचं काम, त्याच्या पायाखालची जमीन दर दोन-तीन वर्षांनी काढून घेतली तर तो जे लिहितो त्याचं काय होतं? आणि ते लिहिलेलं ज्याच्या नशिबाला चिकटतं, त्याचं काय होतं?

आधी हे काम कशाला लागतं ते बघू. डाळिंबाचं उदाहरण सगळ्यांना कळेल. आपल्या तालुक्याचं नाव डाळिंबानं झालं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीनं झेंडा दाखवला. त्यानंतर तेल्या होताच, खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा वाढला, झाडं उभ्या उभ्या वाळली आणि लोकांनी बागाच्या बागा उपटून काढल्या. कागदावर मात्र कित्येक ठिकाणी बाग तशीच उभी होती. कागद बघून कर्ज दिलं तर बँक बुडेल, आणि बाग गेली म्हणून सगळ्यालाच नकार दिला तर त्याच रानात मका-ज्वारी करून दोन गाई पाळणारा माणूस बुडेल. खरं काय ते बांधावर जाऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भाचा ते करायचा. "बाग काढली आहे, पण ठिबक चालू आहे, गोठ्यात तीन जनावरं आहेत, डेअरीची स्लिप पाहिली." एवढ्या एका ओळीला किती किंमत असते ते बँकेत चकरा मारलेल्यालाच विचारा.

आमच्या वस्तीत या ओळीची किंमत आणखी जास्त आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातल्या आरक्षणाच्या, नोकऱ्यांच्या आकड्यांवर खूप बोललं गेलं. बँकांवरच्या प्रकरणात एक गोष्ट नोंदवली आहे, ती कमी लोकांनी वाचली. काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग 'नकारात्मक' किंवा 'लाल' ठरवून ठेवले होते, तिथं कर्ज द्यायचंच नाही. म्हणजे अर्ज करणारा माणूस कसा आहे हा प्रश्न येण्याआधीच त्याची गल्ली नापास. अशा गल्लीत पायी जाऊन दार वाजवणारा आणि "दुकान बारा वर्षांपासून चालू, शेजारी चांगलं बोलतात" असं लिहिणारा पोरगा हा त्या लाल रेषेवरचा एकमेव उतारा असतो. नकाशा गल्ली बघतो, चौकशीला आलेला पोरगा माणूस बघतो.

आणि नावांचं दुखणं वेगळंच. आमच्यात एकाच बाईचं नाव आधारवर रुकसाना, रेशन कार्डावर रुखसाना आणि शाळेच्या दाखल्यावर रुक्साना असतं. आडनाव माहेरी तांबोळी, सासरी मुलाणी, आणि कुठल्या तरी बाबूनं दोन्ही सोडून नुसतं शेख लिहिलेलं. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. यंत्राला हे तीन वेगळे माणूस वाटतात. दारात आलेल्याला ती एकच खाला दिसते. भाच्यानं अशा किती खालांची तीन नावं एका ओळीत जुळवून दिली असतील, त्याची नोंद कुठं नाही.

आता पैशाची गोष्ट. महिन्याचा पगार त्याला कधीच नव्हता. केसमागं पैसे. सुरुवातीला एका केसचे सत्तर रुपये मिळत, पेट्रोल आपलं, गाडी आपली, मोबाईलचा डेटाही आपला. मध्येच दर पंचेचाळीसवर आला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, टेंडर कमी दरानं घेतलंय. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम द्यायचं हा नियम कागदावर फार स्वच्छ दिसतो. पण बोली कमी करताना एजन्सीवाला आपला नफा कापत नाही, शेवटच्या माणसाचा दर कापतो. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. कोळ्याच्या पुढच्या एखाद्या वाडीवर एका केससाठी जाऊन यायचं तर पंचेचाळीस रुपयांतलं काय उरतं? आणि घर बंद असलं, माणूस रानात असला, तर दुसरी चक्कर फुकट.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, जी भाच्यानं मला सांगितली तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता. दर पडल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यानं काही केसेस 'बसून' लिहिल्या. बसून लिहिणं हा त्यांच्यातला शब्द. म्हणजे एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत, न जाताच शेरा टाकायचा. त्यात एक केस वस्तीवरच्या एका माणसाची होती. दोन गाईंसाठी कर्ज मागितलेलं. रस्ता चिखलाचा, पाच वाजत आलेले, रिपोर्ट त्याच दिवशी हवा. भाच्यानं लिहिलं, "पत्ता सापडला नाही." दोन-तीन महिन्यांनी जनावरांच्या बाजारात तो माणूस त्याला भेटला. भाचा कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, "बँक म्हणती पत्ताच सापडला न्हाय. आरं, मी जलमापास्नं तितंच हाय की!"

भाचा तिथून निघून आला. मला म्हणाला, "मामू, मी त्याला काय सांगणार होतो?"

मी त्याला माफ करणारा कोण? ज्याचं कर्ज गेलं त्यानं माफ करायचं, आणि त्याला तर आपला अपराधी कोण हेही ठाऊक नाही. पंचेचाळीस रुपयांत प्रामाणिकपणा परवडत नाही हे खरं आहे. पण तो नाही परवडला म्हणून त्याची किंमत दुसऱ्याच गरिबानं चुकवली, हेही तितकंच खरं आहे.

ही सांगोल्यातल्या एका पोराची कमजोरी म्हणून सोडून देता आली असती. पण हेच दुखणं जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारलाही झालं. अमेरिकेत गुप्त माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली जाते. तपासनीस शेजाऱ्यांकडं जातात, जुन्या मालकाला भेटतात, कोर्टाचे कागद बघतात. १९९६ साली तिथल्या केंद्र सरकारनं हे काम करणारा आपला विभागच बाहेर काढला आणि त्यातून यूएसआयएस नावाची कंपनी झाली. पुढं ती या कामातली सर्वांत मोठी कंत्राटदार बनली. पैसे पूर्ण केलेल्या केसमागं. मग व्हायचं तेच झालं. कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानं आतून तक्रार केली आणि सरकारनं कोर्टात आरोप केला की २००८ ते २०१२ या काळात किमान ६ लाख ६५ हजार तपासण्या पुरत्या न बघताच 'पूर्ण' म्हणून पुढं ढकलल्या गेल्या. तिथल्या भाषेत याला 'डंपिंग' म्हणत. आपल्याकडं बसून लिहिणं, त्यांच्याकडं ओतून मोकळं होणं. ज्या एडवर्ड स्नोडेननं २०१३ मध्ये सरकारची गुपितं जगापुढं मांडली, त्याची एक तपासणी याच कंपनीनं केलेली होती. २०१३ सालीच वॉशिंग्टनच्या नौदल आवारात बारा जणांना गोळ्या घालणाऱ्या माणसाचीही.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाल्याचं बाहेर आलं आणि सप्टेंबरअखेर सरकारनं कंत्राट संपवलं. सुमारे अडीच हजार लोकांचं काम गेलं. त्यांतले बहुतेक रस्त्यावर फिरून दारं वाजवणारे, माझ्या भाच्यासारखे. फाईल न बघता पुढं ढकलण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. कंपनीच्या मालकांनी नंतर सरकारकडून येणं असलेल्या किमान ३ कोटी डॉलरवर पाणी सोडून खटला मिटवला, कंपनी दिवाळखोरीत गेली. पण सरकारचं काय झालं? अनुभवी माणसं एका फटक्यात गेल्यावर काम तुंबलं. २०१८ मध्ये तुंबलेल्या तपासण्यांचा आकडा सात लाखांच्या वर गेला. शेवटी २०१९ मध्ये हे सगळं काम संरक्षण खात्याच्या नव्या यंत्रणेकडं गेलं. कंत्राटदार तिथंही आहेत. पण एक धडा त्यांना महागात शिकावा लागला. कंपनी एका दिवसात बदलता येते, माणूस ओळखायला शिकलेली नजर एका दिवसात तयार होत नाही.

आपण हा धडा शिकलो का? महाराष्ट्राचं बघा. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं शासन निर्णय काढला. नऊ खासगी एजन्सींचं पॅनेल नेमलं आणि अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा चार गटांत सरकारी कार्यालयांना माणसं पुरवण्याची वाट मोकळी केली. राज्यभर स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली. अभ्यासिकेत चार-चार वर्षं घालवलेली ती पोरं, त्यांत आपल्या तालुक्यातलीही. २० ऑक्टोबर २०२३ ला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर केलं, आणि कंत्राटी भरतीचं पाप आधीच्या सरकारांचं असल्याचं सांगितलं. विरोधकांनी ते यांच्या पदरात टाकलं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. एक जीआर मागं गेला, पण कंत्राटी पद्धत गेली नाही. संगणकावर बसलेला ऑपरेटर, दवाखान्यातली परिचारिका, दारावरचा रखवालदार, कुणाला विचारा, साहेब कुठल्या खात्यात? तो खात्याचं नाव सांगेल आणि मग हळूच एजन्सीचं.

त्यातही तपासणीचं काम निराळं आहे, हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. पासपोर्टचं उदाहरण घ्या. २००८ पासून पासपोर्ट सेवा प्रकल्प टीसीएस चालवते. केंद्रात गेलात तर 'ए' खिडकीवर कागद घेणारा, फोटो काढणारा कंपनीचा. पण 'बी' आणि 'सी' खिडकीवर कागद तपासणारा आणि मंजुरी देणारा सरकारी. आणि घरी चौकशीला येतो तो पोलीस. यंत्र, इमारत, संगणक खासगी चालेल, पण 'हा माणूस खरा आहे' हे म्हणणारी सही सरकारी नोकराचीच हवी, असं तिथं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनंही नोव्हेंबर २००६ मध्ये बँकांना बजावलं होतं की ग्राहकाची ओळख नियमात बसते की नाही हे ठरवणं आणि कर्ज मंजूर करणं ही कामं बाहेर द्यायची नाहीत. बँका म्हणतात, आम्ही निर्णय कुठं बाहेर दिलाय, नुसती माहिती गोळा करायचं काम दिलंय. पण पंढरपूर नाहीतर सोलापुरात बसलेल्या साहेबाला वस्तीवरचा गोठा दिसत नाही. "पत्ता सापडला नाही" या तीन शब्दांवर तो सही करतो. मग निर्णय कुणी घेतला?

कुणी म्हणेल, कायम नोकरीतला पोलीस तरी कुठं धुतल्या तांदळाचा? पासपोर्टच्या चौकशीला आला की चहापाणी मागतोच. मान्य. पगारी नोकर आपोआप प्रामाणिक होतो असं माझं म्हणणं नाही. पण त्या शिपायाच्या छातीवर नंबर असतो. त्याची तक्रार करता येते, खात्यात चौकशी लागते, त्याला गमवायला नोकरी आणि पेन्शन असते. दुसरं म्हणजे खरं आणि नावडतं लिहिलं म्हणून पुढच्या महिन्यात त्याच्या घरची चूल बंद पडत नाही. एजन्सीच्या पोराला चुकीची सजाही मिळत नाही आणि खरेपणाचं संरक्षणही नाही. तो आज आहे, उद्या नाही. त्यानं लिहिलेला शेरा मात्र अर्जदाराच्या फाईलमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

मग माणूसच नको, यंत्रानं करू, हा नवा उपाय आहे. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण ओळख पटणं आणि परिस्थिती कळणं या दोन गोष्टी आहेत. लाडकी बहीण योजनेत आपण हे नुकतंच पाहिलं. २०२४ च्या जुलैपासून अर्ज घेताना घाई, निवडणूक तोंडावर. निवडणूक झाल्यावर आठवण झाली की तपासणी राहिली. २०२५ च्या सुरुवातीला कुणाच्या दारात चारचाकी आहे ते बघायला पाठवलं कुणाला, तर अंगणवाडी सेविकांना. जी बाई त्याच गल्लीत राहते, जिच्याकडं शेजारणीची पोरं येतात, तिनं शेजारणीचे दीड हजार बंद करणारा शेरा लिहायचा. सेविकांनी कुरकुर केली, ती उगाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी सरकारदरबारी त्या आजही मानधनावरच्या. काम सरकारी चौकशी अधिकाऱ्याचं, दर्जा स्वयंसेविकेचा आणि भांडण आयुष्यभराचं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्या विधवेचे वडीलही हयात नाहीत, तिनं ओटीपी कुणाच्या मोबाईलवर मागवायचा? यंत्रापाशी उत्तर नव्हतं. मुदती वाढवाव्या लागल्या. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता.

हा विषय डोक्यात घोळत असताना मला मदरशात ऐकलेला एक शब्द आठवत राहिला. अस्मा-उर-रिजाल. प्रेषितांची (स.) वचनं सांगणाऱ्या हजारो माणसांची बारकाईनं केलेली चौकशी म्हणजे हे शास्त्र. कोण कुठला, कुणाला भेटला, स्मरणशक्ती कशी, व्यवहाराला कसा, कधी खोटं बोलल्याचं ऐकिवात आहे का. एक हदीस पारखायला मुहद्दिस गावोगाव फिरले. पार्श्वभूमीच्या तपासणीची इतकी जुनी आणि इतकी कडक परंपरा जगात फार थोडी असेल. त्यात एक गोष्ट अशी की, इमाम अहमद बिन हंबल यांच्यासारखे काही बुजुर्ग, हदीस सांगण्याचे पैसे घेणाऱ्याची रिवायत घ्यायला तयार नसत. कारण उघड आहे. हदीसमागं पैसे मिळायला लागले की हदीस वाढायला लागतात. पण दुसऱ्या बाजूनं पुढच्या विद्वानांनी असंही म्हटलं की ज्याचा सगळा वेळ या कामात जातो आणि घर चालवायला दुसरा आधार नाही, त्यानं घेतलं तर दोष नाही. दोन्ही मतं एकत्र ठेवून बघा. साक्षीचा भाव नगावर ठरवू नका, आणि साक्षीदाराला उपाशीही ठेवू नका. बाराशे वर्षांपूर्वी उमजलेली ही गोष्ट आपल्या टेंडरात उलटी लिहिलेली आहे. भाव नगावर आणि साक्षीदार उपाशी.

कायदा काय म्हणतो? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं एवढं तरी केलं की कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती द्यायची. पण कंत्राटदार बदलला तर जुन्या कामगाराचं काय, यावर तो गप्प होता. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. २००६ च्या उमादेवी निकालानं मागच्या दारानं आलेल्यांना कायम करायला लगाम घातला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात मात्र त्याच न्यायालयानं फटकारलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि उमादेवीचं नाव सांगून माणसाला हाकलायचं, हे सरकारला शोभत नाही. हे सगळे निकाल ज्यांच्याकडं निदान हजेरीपट आहे त्यांच्यासाठी. माझा भाचा कुठल्याच पटावर नाही. तो 'कमिशनवर' आहे. कायद्याच्या दारात जायचं तर आधी आपण कामगार आहोत हेच सिद्ध करायला लागेल. दुसऱ्याची ओळख पटवून देणाऱ्याला स्वतःची ओळख पटवून देता येत नाही, अशी ही तऱ्हा.

यावर उपाय अवघड नाहीत. ब्रिटनमध्ये १९८१ पासून नियम आहे, २००६ मध्ये तो आणखी स्पष्ट झाला. सेवेचं कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडं गेलं तर त्या कामावर नेमलेली माणसंही जुन्या अटींसह नव्या कंपनीकडं जातात. मालक बदलतो, नोकरी तुटत नाही. अमेरिकेत ओबामांनी २००९ मध्ये केंद्राच्या सेवाकंत्राटांपुरता असाच आदेश काढला होता, जुन्या माणसांना आधी विचारा म्हणून. ट्रम्प यांनी २०१९ मध्ये तो काढला, बायडन यांनी २०२१ मध्ये परत आणला. आदेशानं आलेलं आदेशानंच जातं, म्हणून हे कायद्यात हवं. आपल्या राज्यानं निदान सरकारी आणि सरकारी बँकांच्या टेंडरात दोन कलमं घालावीत. नव्या एजन्सीनं जुन्या, तक्रार नसलेल्या माणसांना आधी घ्यावं. आणि तपासणीचं काम केसमागं न देता महिन्याच्या पगारावर द्यावं, पेट्रोल वेगळं. वाडीवरची केस आणि सांगोला शहरातली केस एकाच दरानं मोजणं म्हणजे वाडीवरच्या माणसाला आधीच नापास करणं आहे.

तिसरी गोष्ट अर्जदारासाठी. ज्याच्याबद्दल शेरा लिहिला गेला, त्याला तो वाचायला मिळावा. "पत्ता सापडला नाही" असं लिहिलं असेल तर त्याला म्हणता यावं, चला, मी दाखवतो. एवढं असतं तर त्या माणसाच्या गाई गोठ्यात असत्या, आणि भाच्यालाही बसून लिहिताना हात थांबवावा लागला असता. चौकशी करणाऱ्याची नोकरी सुरक्षित करा असं म्हणताना त्याची जबाबदारीही पक्की करा, हे मी माझ्या बहिणीच्या मुलाबद्दल बोलतोय म्हणून गाळणार नाही.

नव्या एजन्सीनं त्याला बोलावलं होतं. दर अडतीस रुपये. वर स्वतःचं पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगितलं, त्याचा खर्च त्याचाच. पाच वर्षं लोकांची पडताळणी केली, त्याचा अनुभव कुठं लिहून मिळेल का असं त्यानं जुन्या एजन्सीला विचारलं. त्यांनी फोन उचलला नाही. बहीण म्हणाली, जे मिळतंय ते घे. त्यानं विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांतल्या पहिल्या सकाळी तो गाडी घेऊन कोळ्याच्या बाजूला गेला. विचारत विचारत ती वस्ती शोधली. संध्याकाळी घरी आला तेव्हा मी तिथंच होतो. म्हणाला, "सापडली, मामू. फाट्यापासून दहा मिनिटं पण लागत नाहीत." त्या माणसाला त्यानं सगळं सांगितलं. तो चिडला, चार शब्द बोलला, मग म्हणाला, बस, चहा घे. दोघांनी मिळून अर्ज पुन्हा भरला आहे. आता त्याच्या चौकशीला कोण जाणार, अडतीस रुपयांत जाणार का, आणि जाऊन खरं लिहिणार का, ते मला सांगता येत नाही.